उपचारात हलगर्जीपणा झाला, तर भरपाईसाठी काय करायचं आणि कोणत्या क्रमानं: कोल्हापूर जिल्ह्यातल्या रुग्णांसाठी

ऑपरेशन बिघडलं, रुग्ण दगावला किंवा कायमचा अधू झाला, की घरचे लोक आधी हॉस्पिटलच्या दारात जमतात. मग पोलीस ठाणं होतं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून मुंबईला मेडिकल कौन्सिलकडे अर्ज जातो. भरपाईचा विचार सुरू होईतो दीड-पावणेदोन वर्षं उलटलेली असतात आणि हातात डिस्चार्ज कार्ड आणि मेडिकलची चार बिलं एवढंच असतं. राग खरा असतो, पुष्कळदा चूकही खरी असते, तरी दावा पडतो. कारण ग्राहक आयोगापुढे कागद बोलतात, आणि कागद गोळा करायचे दिवस भांडणात गेलेले असतात.

टप्पा १: पहिले काही दिवस

मृत्यू झाला असेल आणि उपचारांबद्दल शंका असेल, तर शवविच्छेदन करून घ्या. हे सांगणं कठोर वाटतं, पण सगळ्यात जास्त दावे इथंच कमकुवत होतात. अंत्यसंस्कार उरकले की मृत्यूचं कारण म्हणून हॉस्पिटलनं लिहिलेलं कारणच उरतं. त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, अकस्मात मृत्यूची नोंद आणि पंचनामा करायला सांगा आणि शवविच्छेदनाचं चित्रीकरण व्हावं असं त्याच अर्जात लिहा. तक्रार सीपीआरमधल्याच (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयातल्याच) उपचारांबद्दल असेल, तर शवविच्छेदन मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व्हावं अशी लेखी विनंती करा. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यानिशी पोच घ्या.

रुग्ण हयात असेल तर आधी दुसरीकडे नीट उपचार सुरू करा. दुसरा डॉक्टर पहिल्याच दिवशी केस पेपरवर जे लिहितो, उदाहरणार्थ जखमेची अवस्था किंवा सोनोग्राफीत काय दिसलं, ते पुढं मोठा पुरावा ठरतं. त्याला पहिल्या डॉक्टरविरुद्ध काही लिहायला सांगू नका. जे दिसतंय ते सविस्तर लिहा, एवढीच विनंती करा.

त्याच आठवड्यात एका वहीत तारीखवार हकीकत लिहून काढा. किती वाजता दाखल केलं, कोण डॉक्टर किती वाजता आले, कोणती नर्स काय म्हणाली, रक्त आणायला कुणाला पाठवलं, फोन कुणाला केले, हे सगळं. मोबाईलमधले कॉल, मेसेज, फोटो पुसू नका आणि फोन बदलू नका.

सावधान: तोडफोड आणि मारहाण अजिबात नको. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या लोकांवरील हिंसाचाराविरुद्ध वेगळा कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय मोडलेल्या सामानाच्या खरेदी किमतीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. ज्याला भरपाई मागायची तोच आरोपी होऊन बसतो. ‘पैसे द्या, नाहीतर बदनामी करू’ असा मेसेजही पाठवू नका. तो खंडणीचा पुरावा होतो.

टप्पा २: केस पेपर मिळवा

डिस्चार्ज कार्ड म्हणजे केस पेपर नव्हे. दाखल झाल्यापासून बाहेर पडेपर्यंतची पूर्ण इनडोअर फाईल मागायची. अर्जात नुसतं ‘सर्व कागदपत्रं’ न लिहिता एकेक नाव लिहा: दाखल करतानाचा फॉर्म, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, संमतीपत्रं, ऑपरेशन नोट्स, भूल दिल्याचा चार्ट, नर्सिंग चार्ट, औषधांचा चार्ट, आयसीयू चार्ट, लॅबचे रिपोर्ट, एक्स-रे फिल्म आणि सीटी-एमआरआयची सीडी, रेफर केल्याची चिठ्ठी, डिस्चार्ज किंवा डेथ समरी आणि तपशीलवार बिल.

मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितल्यापासून ७२ तासांत ही कागदपत्रं द्यायची असतात. भरती रुग्णांच्या नोंदी ३ वर्षं जपून ठेवायचंही बंधन आहे. अर्ज रुग्णाच्या सहीनं द्या. रुग्ण नसेल तर वारसाच्या सहीनं द्या आणि नात्याचा पुरावा व मृत्यूचा दाखला जोडा. हातोहात देऊन पोच घ्या. घेत नसतील तर पोच मिळेल अशा प्रकारे स्पीड पोस्टानं पाठवा (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालंय) आणि पावती जपून ठेवा. सरकारी रुग्णालय असेल तर याच्या जोडीला माहिती अधिकाराचा अर्जही टाका.

‘बिल बाकी आहे, मग फाईल नाही’ असं सांगितलं, तर तेच लेखी मागा. बिलाचा वाद वेगळा आणि नोंदी देण्याचं बंधन वेगळं. मागूनही कागद दिले नाहीत, तर ती गोष्ट पुढं आयोगासमोर हॉस्पिटलच्याच विरोधात जाते. पण तुम्ही मागितले होते हे दाखवता आलं पाहिजे.

तपासून घ्या: फाईल हातात आली की तिथंच पानं मोजा, प्रत्येक पानावर शिक्का मारून घ्या, पानांना नंबर घाला. मेडिक्लेम कंपनीकडे मूळ बिलं गेली असतील तर त्यांच्याकडून साक्षांकित प्रती मागवा.

टप्पा ३: फाईल वाचा, मग ठरवा चूक होती का

हा टप्पा लोक गाळतात. आपलं माणूस गेलं म्हणजे डॉक्टरची चूक होतीच, असं कायदा धरत नाही. त्या शाखेच्या सर्वसाधारण कुशल डॉक्टरनं त्या परिस्थितीत जी काळजी घेतली असती ती घेतली गेली का, आणि न घेतल्यामुळेच नुकसान झालं का, हे दोन प्रश्न असतात. उपचारांच्या दोन मान्य पद्धतींपैकी डॉक्टरनं एक निवडली आणि गुण आला नाही, हा निष्काळजीपणा नव्हे. आधी समजावून सांगितलेला धोका सगळी काळजी घेऊनही ओढवला, तर तोही नव्हे. डॉक्टर तुसडेपणानं बोलले, बिल फुगवलं, या तक्रारी खऱ्या असतील, पण त्यावर लाखोंची भरपाई उभी राहत नाही.

फाईल वाचताना वेळांकडे बघा. नर्सिंग चार्टवर रात्री ११, २ आणि ५ वाजता रक्तदाब उतरत गेल्याची नोंद आहे आणि डॉक्टरांची पुढची नोंद थेट सकाळी साडेआठची आहे, तर मधल्या साडेनऊ तासांत कुणाला कळवलं, कुणी काय केलं, हा तुमचा प्रश्न. ऑपरेशन नोट्समध्ये गॉज आणि मॉप (रक्त टिपायची कापडं) मोजल्याची नोंद आहे का? भूल कुणी दिली, त्याचं नाव आणि सही आहे का? एकाच पानावर वेगळी शाई, खाडाखोड, मागाहून घुसवलेली ओळ दिसते का? अशा जागांवर खुणेच्या चिठ्ठ्या लावा.

संमतीपत्र नीट पाहा. रुग्ण स्त्री शुद्धीवर, सज्ञान असताना सही फक्त नवऱ्याची असते, हे आपल्याकडे नेहमीचं. सज्ञान रुग्णाची संमती तिची स्वतःचीच लागते, आणि एका तपासणीसाठी दिलेली संमती दुसऱ्या मोठ्या ऑपरेशनला चालत नाही (जीव वाचवायची तातडी असेल तर गोष्ट वेगळी), असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली स्पष्ट केलंय. डॉक्टरची पदवीही पाहा. होमिओपॅथीची पदवी असताना ॲलोपॅथीची औषधं दिल्यानं रुग्ण दगावला, ते प्रकरण १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्यातले उपचार करणं हाच निष्काळजीपणा, असं न्यायालयानं ठरवलं.

यानंतर त्याच शाखेच्या डॉक्टरचं लेखी मत घ्या. हाडाच्या ऑपरेशनला अस्थिरोगतज्ज्ञ, बाळंतपणाला स्त्रीरोगतज्ज्ञ. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या डॉक्टरविरुद्ध राजारामपुरीतलाच डॉक्टर लिहून देणं अवघड, हे समजून घ्या आणि त्यात त्याचा अपमान करू नका. पुणे, मुंबई, बेळगाव इथं विचारा. निवृत्त प्राध्यापक बहुधा मोकळेपणानं सांगतात. ‘निष्काळजीपणा झाला का’ असं मोघम विचारू नका. ‘या वेळी रक्तदाब इतका असताना काय करणं अपेक्षित होतं, आणि ते केल्याची नोंद आहे का’ असं विचारा.

प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही. पोटात कापड राहिलं, उजव्याऐवजी डाव्या पायाचं ऑपरेशन झालं, अशी चूक उघडच दिसते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलंय. बाकी प्रकरणांत मात्र मताशिवाय जाणं म्हणजे दावा नशिबावर सोडणं. खासगी मत मिळालंच नाही, तर तक्रारीसोबत आयोगाला अर्ज करून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाकडून मत मागवता येतं.

टप्पा ४: दार कोणतं

भरपाईसाठी मुख्य दार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचं. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे १९९५ पासून ठरलेलं आहे. ‘२०१९ च्या नव्या कायद्यातून डॉक्टरांना वगळलंय’ असं सांगणारे भेटतील. ते खरं नाही. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयानं आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं तो मुद्दा फेटाळलाय.

पोलीस आणि मेडिकल कौन्सिल ही भरपाईची दारं नाहीत. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ठळक आणि गंभीर असावा लागतो, आणि गुन्हा नोंदवण्याआधी पोलिसांनी स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली सांगितलंय. कौन्सिल डॉक्टरची नोंदणी स्थगित करू शकते, तुम्हाला रुपया देऊ शकत नाही. ही दोन्ही कामं करायची तर करा, पण त्यांच्या निकालाची वाट बघत आयोगाचा दावा थांबवू नका.

सरकारी रुग्णालयात सगळ्यांनाच सेवा पूर्ण मोफत असेल, तर ग्राहक आयोग बहुधा चालत नाही. केवळ नोंदणीचे नाममात्र पैसे भरले म्हणून तुम्ही ग्राहक ठरत नाही. मग दिवाणी न्यायालयात शासनाविरुद्ध दावा करावा लागतो आणि त्याआधी कायदेशीर नोटीस देऊन २ महिने थांबावं लागतं. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात नसबंदीच्या वेळी पोटात टॉवेल राहून एका बाईंचा मृत्यू झाला होता. त्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं शासनाला जबाबदार धरलं. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही जाता येतं, मात्र घटनेपासून १ वर्षाच्या आत. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, त्यामुळे रिट याचिकेसाठी मुंबई गाठावी लागत नाही. नसबंदी फसली किंवा त्यात गुंतागुंत झाली, तर सरकारची वेगळी नुकसानभरपाई योजना आहे. तिचा अर्ज ९० दिवसांत करायचा असतो, म्हणून त्याच आरोग्य केंद्रात लगेच फॉर्म मागा.

खासगी हॉस्पिटलात महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून किंवा मेडिक्लेममधून उपचार झाले, तर ‘तुम्ही पैसेच भरले नाहीत’ असं सांगून तुम्हाला परत पाठवतील. ऐकून घेऊ नका. १९९५ च्याच निकालानुसार, जे हॉस्पिटल काही रुग्णांकडून पैसे घेतं आणि काहींना मोफत बघतं, तिथला मोफत रुग्णही ग्राहक असतो.

आणखी एक चूक फार दिसते. ‘आम्ही ७५ लाख मागणार, म्हणजे राज्य आयोगात जावं लागेल.’ तसं नाही. किती मागता यावर नाही, उपचारांसाठी किती पैसे दिले यावर आयोग ठरतो. ५० लाखांपर्यंत जिल्हा, त्यापुढं २ कोटींपर्यंत राज्य आयोग. बिल साडेतीन लाख असेल तर कितीही मागा, जिल्हा आयोगच. फीही त्याच हिशेबानं, आणि ५ लाखांपर्यंत शून्य. शिवाय २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथं तक्रार करता येते. चंदगड-गडहिंग्लजची माणसं उपचाराला बेळगावला जातात, शिरोळची मिरजेला. त्यांनीही तक्रार कोल्हापुरातच करावी.

सावधान, मुदत: तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. चूक नंतर उघडकीला आली तर उघडकीच्या तारखेपासून मोजता येतं, पण त्यावर विसंबू नका. गोव्याच्या एका परिचारिकेचं ऑपरेशन १९९३ साली झालं होतं, पोटातलं गॉज २००२ साली निघालं. दुखणं सुरुवातीपासून असताना इतकी वर्षं तपास का केला नाही, म्हणून २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांची तक्रार मुदतबाह्य ठरवली. उशीर झालाच असेल तर विलंब माफीचा अर्ज सबळ कारणासह तक्रारीबरोबरच द्या.

टप्पा ५: रकमेचा हिशेब

‘५० लाख’ असा गोल आकडा लिहून देऊ नका. बाबवार मांडा: झालेल्या उपचारांचा खर्च, बिघाड दुरुस्त करायचा खर्च, पुढं लागणारे उपचार, बुडालेली कमाई, सांभाळायला ठेवलेल्या माणसाचा खर्च, प्रवास, शारीरिक-मानसिक त्रास, दाव्याचा खर्च आणि व्याज. विम्यातून मिळालेली रक्कम लपवू नका, ती पुढं येतेच.

कमाईच्या पुराव्यात आपल्याकडची माणसं फार नुकसान करून घेतात. पगारपत्रक नाही, म्हणजे पुरावा नाही असं धरून बसतात. कारखान्याची ऊसबिलं, सातबारा आणि आठ-अ, दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल, इचलकरंजीत मागावरच्या मजुरीचा हिशेब, शिरोलीत फौंड्रीच्या ठेकेदाराचं पत्र आणि बँकेतल्या जमा, हुपरीत चांदीच्या कामाची मालकाची वही, हे सगळं चालतं. दुधाचं खातं नवऱ्याच्या नावावर आणि धारा काढणारी, वैरण आणणारी बायको, असं घरोघरी असतं. ती गेली तर संस्थेच्या सचिवाचं आणि शेजाऱ्यांचं शपथपत्र द्या. ती गेल्यावर म्हशी विकाव्या लागल्या असतील किंवा दूध निम्म्यावर आलं असेल, तर आधीची आणि नंतरची बिलं शेजारी शेजारी लावा. गृहिणीच्या घरकामालाही मोल आहे, ती बाब वेगळी मागा.

मृत्यूच्या दाव्यात मोटार अपघाताच्या पद्धतीनं अंदाज बांधता येतो. ३८ वर्षांच्या माणसाची कमाई महिना १५,००० रुपये, अवलंबून चौघं. वर्षाचे १,८०,०००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की १,३५,०००. या वयाला गुणक (किती वर्षांची कमाई धरायची तो आकडा) १५, म्हणजे २०,२५,००० रुपये. आयोगाला ही पद्धत बंधनकारक नाही, पण आकडा कुठून आला हे तरी कळतं. कोलकात्याच्या अनुराधा साहा प्रकरणातली सुमारे ६ कोटींची भरपाई सगळ्यांच्या तोंडी असते. तिथं मृत्यू १९९८ चा, अंतिम निकाल २०१३ चा. तो आकडा समोर ठेवून तडजोड नाकारू नका.

टप्पा ६: नोटीस

डॉक्टर आणि हॉस्पिटलला १५ दिवसांची लेखी नोटीस द्या. ग्राहक कायद्यात ती सक्तीची नाही, पण उत्तरातून त्यांचा बचाव आधीच कळतो. नोटीस दिल्यानं २ वर्षांची मुदत थांबत नाही. ‘चर्चा चालू आहे’ यानंही थांबत नाही.

तडजोडीला बोलावलं तर जा. पण रोख घेऊन ‘आमची कोणतीही तक्रार नाही’ अशा कागदावर सही करू नका. रक्कम बँकेतून, करार लेखी, आणि पुढच्या ऑपरेशनचा खर्च त्यात धरलेला असावा.

टप्पा ७: तक्रार दाखल करा

१. तक्रारदार: रुग्ण स्वतः. मृत्यू झाला असेल तर सगळे कायदेशीर वारस. मूल अज्ञान असेल तर पालक.

२. विरुद्ध पक्षकार: हॉस्पिटल आणि मुख्य डॉक्टर. हॉस्पिटल कुणाच्या मालकीचं, ट्रस्टचं की कंपनीचं, हे नोंदणी प्रमाणपत्रावरून पाहा. सगळ्या नर्सांची नावं मिळाली नाहीत म्हणून अडून बसू नका. आपल्या माणसांच्या चुकीला हॉस्पिटल जबाबदार असतं, हे २००४ पासून ठरलेलं आहे.

३. हकीकत: तारीखवार, वहीवरून. प्रत्येक वाक्यापुढं कागदाचा पान नंबर.

४. चूक: ‘निष्काळजीपणा केला’ एवढंच नको. कुणी, केव्हा, काय करायला हवं होतं आणि काय केलं, हे चार-पाच मुद्द्यांत. वीस आरोप केले की खरे चार त्यात हरवतात.

५. रकमेचा बाबवार तक्ता, शपथपत्र, कागदांची यादी, तज्ज्ञाचं मत.

तक्रार ई-जागृती पोर्टलवरून किंवा आयोगाच्या कार्यालयात देता येते. वकील सक्तीचा नाही, पण वैद्यकीय प्रकरणात घ्या, आणि अशी प्रकरणं चालवलेला घ्या. खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

तपासून घ्या: मुदतीची तारीख तक्रारीत स्पष्ट लिहिली आहे का? सगळ्या प्रती वाचता येतात का? डॉक्टरांच्या हस्ताक्षरातल्या महत्त्वाच्या नोंदी टाईप करून जोडल्या आहेत का?

टप्पा ८: दाखल झाल्यावर

तक्रार स्वीकारायची की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरतं. नोटीस मिळाल्यापासून विरुद्ध पक्षकाराला उत्तराला ३० दिवस आणि वाढीव १५ दिवस मिळतात. त्यापुढं उत्तर घेता येत नाही, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ठरवलंय, म्हणून ४६ व्या दिवशी तारखेवर हजर राहा आणि हरकत नोंदवा. निकाल कायद्याप्रमाणे ३ महिन्यांत, तज्ज्ञ तपासणी लागली तर ५ महिन्यांत अपेक्षित आहे. प्रत्यक्षात वर्षं लागतात. प्रत्येक तारखेला चंदगडहून यायला जमत नसेल तर व्हिडिओद्वारे सुनावणीचा अर्ज करता येतो.

डॉक्टरच्या उत्तरातलं प्रत्येक वाक्य केस पेपरशी ताडून पाहा. ‘आम्ही रात्री तपासायला आलो होतो’ असं उत्तरात असेल आणि चार्टवर नोंद नसेल, तर ती विसंगती लेखी प्रश्नावलीतून विचारा.

निकाल विरोधात गेला तर आदेशाच्या तारखेपासून ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील. डॉक्टरनं अपील केलं तर त्याला आदेशातल्या रकमेचा निम्मा भाग आधी भरावा लागतो. तो भरल्याची पावती अपिलात मागून घ्या. अपील झालं नाही आणि पैसेही आले नाहीत, तर आदेशाची प्रमाणित प्रत लावून त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज द्या. आदेश न पाळणाऱ्याला १ महिना ते ३ वर्षं कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. अर्जात व्याजाचा हिशेब त्या दिवसापर्यंतचा करून द्या आणि रक्कम जमा करायला वारसांचा बँक खाते क्रमांक सोबत जोडा.